वायतुऱ्याचे राखणदार कोण?

साताऱ्याचे नाव धारण करणारी एक वनस्पती आहे आणि बहुसंख्य सातारकरांना ती ठाऊक नाही. तिला वायतुरा म्हणतात. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून तिची नोंद केली. कासच्या जांभ्या कातळावर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात, त्यांत ती उगवते. भर पावसात इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, फिकट गुलाबी-जांभळा तुरा पाण्यावर येतो. पाऊस सरला, डबके आटले, की पाने जातात आणि मातीतला कंद पुढच्या पावसापर्यंत दबून राहतो. नराचे झाड वेगळे, मादीचे वेगळे. सह्याद्रीच्या उत्तर भागातील मोजक्या पठारांपलीकडे ही वनस्पती जगात कोठेही आढळत नाही. एक डबके मुरूम टाकून बुजवले, तर त्यातला वायतुरा कायमचा संपला.

असल्या वनस्पती वाचवण्यात हौशी बागकाम करणाऱ्यांचा हात किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात आहे. तेथील ॲबेव्हिल गावाजवळच्या दलदलीत आयरिस जातीचे एक लाल फूल उमलते. १९६६ साली त्याला आयरिस नेल्सोनी हे शास्त्रीय नाव मिळाले. त्याचाही टापू असाच चिमूटभर. तेथील आयरिसप्रेमी माळ्यांची संस्था १९४१ पासून काम करते. बांधकामाखाली जाणारे आयरिसचे कंद उचलून सुरक्षित पाणथळीत लावणे, दुर्मीळ जाती आपल्या बागेत जोपासणे, अशी कामे तेथे स्वयंसेवक करीत आले आहेत. त्यांत सारेच काही शास्त्रज्ञ नाहीत. मातीत हात घालण्याची सवय आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर हे काम चालते.

मग आपल्या सातारा-सांगलीत हे का होऊ नये? जरूर व्हावे. ही माती अशा कामाला नवखी नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे झाडे उभी राहिली आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या जाती जोपासल्या गेल्या आहेत. ज्ञान आहे, परंपरा आहे, माणसेही आहेत. परंतु स्वयंसेवकांनी पठारावर पाऊल ठेवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. आजवर ही डबकी राखली कोणी?

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. महाराष्ट्राची त्यांत चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्याआधी शेकडो वर्षे या पठारांवर गुरे चरत होती आणि गवळी-धनगरांचे वाडे होते. तरीही फुले होती, वायतुरा होता. वारसा जाहीर झाला आणि गर्दी लोटली. गर्दीपासून फुले वाचवायची म्हणून कासला लोखंडी जाळीचे कुंपण आले. जाळीने पर्यटक अडला, पण गुरेही अडली. काही वर्षांनी तक्रार सुरू झाली, की गवत माजते आहे आणि फुले कमी होत आहेत. चराई थांबल्याने गवताने फुलांची जागा घेतली, असे गावकरी सांगू लागले. अखेर ती जाळी काढावी लागली. जाळी घालण्यापूर्वी म्हशी राखणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, तर एवढा खटाटोप टळला नसता काय?

कासच्या बाबतीत एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे हंगामाची व्यवस्था आली. पर्यटकांकडून शुल्क, दिवसाकाठी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, गावातलीच मुले राखणदार आणि वाटाडे. गावाच्या हाती व्यवस्था दिली तर ती चालते, हे येथे दिसले. मात्र अशी समिती वनखात्याच्या आदेशाने बनते. खात्याने दिलेली व्यवस्था खाते काढूनही घेऊ शकते. कायद्याने दिलेला हक्क असा काढून घेता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी म्हणून आमचा सारा भर या फरकावर आहे.

तो हक्क कागदावर आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही या समितीने ठेवायची आहे. वनहक्क कायदा २००६ सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य करतो, आणि कलम ५ ग्रामसभेला त्यासाठी अधिकार देते. अडचण पुराव्याची आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. ज्यांच्या आज्याने कधी शाळेची पायरी पाहिली नाही, त्यांनी ७५ वर्षांचा पुरावा आणायचा कोठून? नियमांनी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य केला आहे. तो लिहून घ्यायला गावात शिकलेले माणूस लागते. आमच्या कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते.

काही बांधव म्हणतील, अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, आणि तुम्ही फुले कसली घेऊन बसलात? त्यांना महाडची आठवण करून द्यावीशी वाटते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली ती २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी लोकांना तेथवर नेले तेव्हा. सामाईक पाण्यावर आणि जमिनीवर कोणी पाऊल ठेवायचे आणि तिचा कारभार कोणी करायचा, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. चांदोलीत धरण आणि अभयारण्य यांसाठी जी गावे उठली, त्यांतल्या माणसांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आणि निसर्गाची राखण हे परक्यांचे वेड आहे, असेही नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांना आणि जनावरांना उपयोगी वनस्पती, जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्याचे नमूद केले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सातारा-सांगलीतील महाविद्यालयीन तरुणांनी, आणि नगरपालिकांच्या बागांतून व रोपवाटिकांतून राबणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी पथके काढावीत. बागेत राबणारा हात कंद ओळखतो, बी केव्हा धरते हे जाणतो. त्याला या कामात पुढे बसवले पाहिजे. पथकाने आधी ग्रामसभेत जावे, तिची आणि वनखात्याची परवानगी घ्यावी. पठारावरून कंद उपटून घरी आणू नये. वनस्पतितज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडे बी गोळा करून ते कुंडीत रुजवावे आणि रोपे त्याच डबक्यात परत न्यावीत. एका पठाराचे बी दुसऱ्यावर टाकू नये. शोभेची परकी झाडे तेथे लावू नयेत. मुरूम काढणे, रस्ता करणे, गाड्या उभ्या करणे यांत डबके जात असेल तर तारखेसह नोंद करून समितीकडे लेखी तक्रार द्यावी. पथकातील वकिलांनी आणि शिक्षकांनी वनहक्काचे दावे भरून द्यावेत, वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत. जे गावकरी रोज राखण करतात त्यांना मजुरी मिळावी आणि नोंदवहीत त्यांचे नाव लागावे. शहरातला माणूस सुटीच्या दिवशी फुकट राबू शकतो. ज्याची चूल त्या दिवसाच्या कमाईवर पेटते, त्याच्याकडून फुकट राबणूक मागणे म्हणजे वेठ होय.

येत्या पावसाळ्यात वायतुरा पुन्हा वर येईल. त्याआधी उन्हाळ्यातच पठारावरच्या प्रत्येक गावात एक ग्रामसभा भरावी, तिच्या विषयपत्रिकेवर जैवविविधता समिती आणि सामूहिक वनहक्क हे दोन विषय असावेत आणि वाड्यावस्तीवरच्या बायाबापड्यांना बोलावणे जावे. चळवळीतल्या वकिलांनी त्या सभेला हजर राहावे. आम्ही राहू.