यमुनेचे खादर आणि कायद्याची दोन मापे

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेच्या पाण्याने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. सप्टेंबर १९७८ मधील महापुराचा २०७.४९ मीटरचा उच्चांक पंचेचाळीस वर्षांनी मोडला गेला. रिंग रोड, काश्मिरी गेट, सिव्हिल लाइन्स आणि लाल किल्ल्याचा परिसर पाण्याखाली गेला. जलशुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली आणि पुराने वेढलेल्या राजधानीत पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नदीने पुन्हा २०७.४८ मीटरपर्यंत मजल मारली. या दोन पुरांनी दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राजधानी प्रदेशातील घरांच्या बाजारावर जो प्रकाश टाकला, त्याकडे श्रमिक चळवळीने गंभीरपणे पाहिले पाहिजे.

सरकारी प्रवक्ते नेहमीप्रमाणे निसर्गाच्या कोपाकडे बोट दाखवून मोकळे झाले. परंतु खुद्द सरकारी आकडेच त्यांची साथ देत नाहीत. जून २०१३ मध्ये हरियाणातील हथिनीकुंड बंधाऱ्यावरून आठ लाख क्युसेक्सहून अधिक पाणी सुटले होते. त्या वेळी दिल्लीत पातळी २०७.३२ मीटरवर थांबली. २०२३ मध्ये बंधाऱ्यावरील कमाल विसर्ग सुमारे ३.५९ लाख क्युसेक्स, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि तरीही नदी मीटरभराहून अधिक वर चढली. पाणी निम्मे आणि पूर मोठा, याचा अर्थ काय? अर्थ उघड आहे. नदीला पसरण्यासाठी असलेली जागा आक्रसली आहे. पात्रात गाळ साचला आहे, एकामागून एक पुलांचे भराव घातले गेले आहेत, आणि आयटीओजवळच्या बंधाऱ्याच्या बत्तीस दरवाजांपैकी पाच दरवाजे ऐन पुरात अडकून बसले होते. ही निसर्गाची करणी नसून नियोजनाची आहे.

नदीच्या दोन्ही अंगांना पुराचे पाणी पसरते त्या सखल पट्ट्याला उत्तरेत 'खादर' म्हणतात, आणि त्याच्या कडेच्या बांधाला 'पुश्ता'. दिल्लीच्या विकास आराखड्यात हा सुमारे ९७ चौरस किलोमीटरचा पट्टा 'ओ' विभाग म्हणून नोंदलेला आहे. या जमिनीवर घर कोणी बांधावे, कोणी विकावे आणि कोणाचे घर पाडावे, हे गेल्या पन्नास वर्षांत कसे ठरत गेले, याचा इतिहास बोलका आहे.

दिल्लीच्या जमिनीची जबाबदारी १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली. शहरालगतची जमीन सरकारने घाऊक प्रमाणात संपादन करावी, सट्टेबाजीला आळा घालावा आणि सर्व थरांतील जनतेला परवडणारी घरे उपलब्ध करावीत, ही त्यामागची घोषित कल्पना होती. प्रत्यक्षात श्रमिकांच्या वाट्याला घरे पुरेशी आली नाहीत. शहर उभारणाऱ्या गवंड्यांनी, हमालांनी, रिक्षावाल्यांनी आणि घरकामगार स्त्रियांनी मग पुश्त्याच्या आडोशाला झोपड्या घातल्या. आणीबाणीच्या काळात राजधानीतील लक्षावधी झोपडीवासीयांना उचलून शहराच्या कडेला नेण्यात आले. यमुनेपलीकडील त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपूर या वसाहती त्याच धडाक्यातून उभ्या राहिल्या. आणीबाणी उठली, पण ती पद्धत उठली नाही.

मार्च २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यमुनेच्या पात्रातील सर्व अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. २००४ च्या पूर्वार्धात यमुना पुश्त्यावरील वस्त्यांवर बुलडोझर फिरले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. ज्यांच्यापाशी पात्रतेची कागदपत्रे होती त्यांना शहराच्या दूर टोकाला बवाना, होलंबी येथे १८ किंवा १२.५ चौरस मीटरचे तुकडे मिळाले. तेही मालकीहक्काने नव्हे, तर मुदतीच्या परवान्यावर. ज्यांच्यापाशी कागद नव्हते त्यांना काहीच मिळाले नाही. कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण यांमध्ये अनेक तासांचे अंतर पडले. सकाळच्या बसचे भाडे रोजीतून वजा होऊ लागले आणि कित्येक स्त्रियांची धुण्याभांड्यांची कामे सुटली. नदी वाचविण्यासाठी एवढी किंमत गरिबांनी मोजलीच पाहिजे, असे त्या वेळी सांगण्यात आले.

मग नदी वाचली काय? पुढची काही वर्षेच त्याचे उत्तर देतात. त्याच नदीच्या पूर्वतीरावर, अक्षरधाम मंदिराशेजारी, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंचे निवासग्राम उभे राहिले. खेळाडू पंधरवडाभर राहणार होते. सदनिका मात्र खुल्या बाजारात विकल्या जाणार होत्या. एकूण १,१६८ आलिशान सदनिकांचे हे काम एम्मार एमजीएफ या खासगी कंपनीकडे होते. पर्यावरणवादी न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये उच्च न्यायालयाने या बांधकामाच्या जागेची तज्ज्ञांकरवी तपासणी करण्याचा आदेश दिला. पण जुलै २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जागा नदीपात्रात नाही आणि पूरक्षेत्रातही नाही, असा निर्णय देऊन वाट मोकळी केली. कंपनी आर्थिक अडचणीत येताच प्राधिकरणाने तिच्याकडून ३३३ सदनिका सुमारे ७०० कोटी रुपयांना विकत घेतल्या. झोपडीवासीयाला साडेबारा मीटरचा तुकडा देताना ज्या तिजोरीचा हात आखडतो, तीच तिजोरी बांधकाम कंपनीसाठी एका फटक्यात सातशे कोटींनी सैल होते.

येथे मुद्दा एका न्यायनिर्णयाच्या कायदेशीर बारकाव्याचा नाही. बांध घातला की त्यामागची जमीन पूरक्षेत्र राहत नाही, हे तत्त्व क्रीडाग्रामाला लागू पडते. मग ज्यांची वस्तीच बांधाच्या नावाने ओळखली जात होती, त्यांना ते का लागू पडले नाही? वस्तीचे पुनर्वसन जवळपास कोठे होऊ शकते, याची तपासणी तज्ज्ञांकडून का झाली नाही? नदीकाठी गरीब राहिला की ते अतिक्रमण, आणि धनिक राहिला की ते 'रिव्हर व्ह्यू', अशी ही दोन मापे आहेत. यांपैकी एकही माप नदीच्या हिताचे नाही.

घर घेण्याची धडपड केवळ श्रीमंतच करतात असेही नाही. यमुनेच्या काठाने सोनिया विहार, जैतपूर, मदनपूर खादर अशा वसाहतींत कारागीर, छोटे दुकानदार आणि कारखान्यांतील कामगार यांनी आयुष्यभराची बचत घालून पंचवीस-पन्नास वारांचे तुकडे घेतले. हातात पडले ते खरेदीखत नव्हे, तर मुखत्यारपत्र. अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले. २०१९ मध्ये केंद्राने अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकीहक्क देणारा कायदा मोठा गाजावाजा करून केला. परंतु 'ओ' विभागातील जमीन त्यातून वगळण्यात आली. पूरक्षेत्र वगळण्याला शास्त्रीय कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मग हे तुकडे पाडून विकणारे दलाल, त्यांच्याकडे कानाडोळा करणारे अधिकारी आणि मते मागताना पक्क्या घरांची ग्वाही देणारे नेते यांचा हिशेब कोणी मागावयाचा? शिक्षा मात्र केवळ खरेदीदाराला होते. पूर आला की त्याचेच सामान वाहून जाते आणि नोटीस आली की तीही त्याच्याच दारावर चिकटविली जाते.

नदी ओलांडून नोएडात गेल्यास हीच कहाणी मोठ्या भांडवलाच्या स्वरूपात दिसते. आणीबाणीतच, एप्रिल १९७६ मध्ये, ओखल्याच्या पलीकडे नवे औद्योगिक शहर वसविण्यासाठी हे प्राधिकरण स्थापन झाले. उद्योगांच्या नावाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या आणि बघता बघता त्या घरबांधणी कंपन्यांच्या हाती गेल्या. १६५ किलोमीटरच्या यमुना द्रुतगती मार्गासाठी जेपी समूहाला केवळ पथकराचा हक्क मिळाला नाही. प्रत्येकी ५०० हेक्टरप्रमाणे पाच ठिकाणी जमीनही मिळाली. मे २०११ मध्ये भट्टा-पारसौल येथे भूसंपादनाविरुद्धच्या शेतकरी आंदोलनात रक्त सांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोएडा-ग्रेटर नोएडातील शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि १० टक्के विकसित जमीन देण्याचा आदेश दिला. नवी मुंबईत जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची मागणी पदरात पडली, हे मराठी वाचकाला आठवेल. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला न्याय मिळाला तो लढ्यानेच, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे ठरले.

आणि ज्यांच्या नावाने हे सर्व झाले, त्या सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीयांचे काय झाले? ऑगस्ट २०१७ मध्ये जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या घरांसाठी पैसे भरलेली वीस हजारांहून अधिक कुटुंबे अधांतरी लोंबकळत राहिली. नव्या कंपनीची योजना मार्च २०२३ मध्ये मंजूर झाली आणि मे २०२४ मध्ये अपिलात कायम झाली. तोवर कित्येकांची मुले पहिलीतून महाविद्यालयात गेली. जुलै २०१९ मध्ये आम्रपाली समूहाबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदारांचा पैसा अन्यत्र वळविल्याचे नोंदविले आणि प्राधिकरणे व बँका यांच्या साटेलोट्यावरही ताशेरे ओढले. बेचाळीस हजारांहून अधिक खरेदीदारांचे अपुरे बांधकाम पूर्ण करण्यासाठी अखेर एनबीसीसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीलाच पाचारण करावे लागले. ताबा मिळेपर्यंत कर्जाचा हप्ता बिल्डर भरील, असे आमिष दाखवून बँकांनी खरेदीदाराच्या नावावरील कर्ज थेट बिल्डरच्या हाती दिले. बिल्डरने हात वर करताच वसुलीचा तगादा मात्र खरेदीदारामागे लागला. या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागास द्यावा लागला.

ओखला पक्षी अभयारण्याच्या परिसरातही असेच घडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणाने तेथील बांधकामांना चाप लावला आणि बांधून तयार असलेल्या घरांचाही ताबा अडला. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्राने संवेदनशील क्षेत्राची हद्द काही बाजूंना अवघ्या १०० मीटरवर आणून ठेवली, तेव्हा कोंडी फुटली. नदीचे आणि पाखरांचे हित आधी का पाहिले नाही, आणि पाहावयाचे नव्हतेच तर खरेदीदाराला दोन वर्षे का टांगून ठेवले, याचे उत्तर कोणी दिले नाही.

शेतकरी, झोपडीवासी आणि सदनिकाधारक हे तिघे एकाच व्यवहाराचे बळी आहेत. तरीही त्यांना परस्परांविरुद्ध उभे केले जाते. सदनिकाधारकाला सांगितले जाते की झोपडपट्टीमुळे तुझ्या घराची किंमत घसरते. झोपडीवासीयाला वाटते की त्याचे घर पाडले ते या उंच इमारतींसाठी. शेतकऱ्याला वाटते की आपली जमीन शहरातल्या माणसांनी लुबाडली. दरम्यान जमिनीच्या भावातील वाढ तिघांच्याही हाती न लागता चौथ्याच्याच खिशात जाते. एंगेल्सने १८७२-७३ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना, श्रमिकाला छोट्याशा घराचा मालक केले की प्रश्न सुटेल या कल्पनेवर टीका केली होती. जमीन आणि निवारा नफ्याची वस्तू असेपर्यंत मालकीचा कागद हाती असलेला माणूसही सुरक्षित नसतो, हे यमुनेच्या काठावर आज पुन्हा सिद्ध होत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता येणार नाही. मग सर्वांनाच खादरात राहू द्यावे काय? नाही. नदीची जागा नदीला मिळालीच पाहिजे. पुराची पहिली लाट श्रमिकांच्याच घरात शिरते. म्हणून पूरक्षेत्र मोकळे राहावे यात सर्वांत मोठे हित श्रमिकांचेच आहे. जानेवारी २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा धरून बांधकामास मनाई केली, हे योग्यच होते. आक्षेप रेषेला नाही; ती माणूस पाहून वाकते, याला आहे. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले, तेव्हा महाराष्ट्रातील निळ्या आणि लाल पूररेषांचीही हीच गत असल्याचे दिसले. नकाशावर रेषा असते, पण सदनिका विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात ती नसते.

म्हणून या प्रश्नावरील मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, २०२३ चा पूर हिशेबात घेऊन यमुनेची पूररेषा नव्याने आखावी, ती जमिनीवर खांब रोवून दाखवावी आणि मंदिर, महाल वा झोपडी असा भेद न करता सर्वांना लागू करावी. दुसरी, कोणतीही वस्ती हलविण्यापूर्वी रोजगाराच्या जवळ पक्के घर द्यावे; आधी पुनर्वसन, मग स्थलांतर. तिसरी, प्रत्येक खरेदीखतावर आणि प्रत्येक जाहिरातीत पूररेषेपासूनचे अंतर नोंदविणे सक्तीचे करावे, आणि तुकडे पाडून विकणाऱ्यांवर व त्यांना अभय देणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले भरावेत. चौथी, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार खरेदीदारांच्या पैशातील ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची जी अट आहे, तिची कडक अंमलबजावणी करावी आणि घर हाती येईपर्यंत हप्त्यांची वसुली थांबवावी. पाचवी, सार्वजनिक जमिनीवर भाड्याने मिळणारी स्वस्त घरे सार्वजनिक क्षेत्रानेच बांधावीत.

या मागण्या केवळ निवेदनांतून मान्य होणार नाहीत. बवान्याची पुनर्वसित वसाहत, नोएडातील रखडलेल्या इमारतींचे खरेदीदार आणि भट्टा-पारसौलचा शेतकरी यांना एका व्यासपीठावर आणणे सोपे नाही. त्यांचे राहणीमान वेगळे आहे आणि परस्परांविषयीचे गैरसमज जुने आहेत. परंतु मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत जेथे जेथे कार्यकर्ते घरांच्या प्रश्नावर काम करीत आहेत, तेथे या तिघांची संयुक्त समिती उभी करण्याचा प्रयत्न हाच पुढील कामाचा पाया ठरला पाहिजे. पुढचा पूर येण्यापूर्वी हे काम सुरू झाले, तर रेषा कोठे आखावयाची याची चर्चा कंपन्यांच्या कचेऱ्यांत न होता जनतेच्या सभांमध्ये होईल.