डोळे चोळीन, पण चष्मा नको!

लग्नसराई जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मुलगी छान आहे हो, फक्त चष्मा आहे." या 'फक्त'पायी किती मुलींच्या डोळ्यांत लेन्स बसल्या असतील! मुलाला चष्मा असला की तो मात्र हुशार दिसतो, नाही का?

माझा लेन्सला विरोध नाही. उणे पाच नंबर आहे माझा, चौदा वर्षं लेन्स वापरतेय. माझा राग आहे तो डोळे लाल झालेले असतानाही लेन्स न काढण्याच्या हट्टावर.

शेजारच्या वहिनींची पुतणी फाल्गुनात राहायला आली होती. स्थळं बघणं चालू होतं. मळणीचे दिवस, हवेत भुसा, रस्त्याला धुरळा आणि ही दिवसभर लेन्स घालून स्कूटीवर. "काकू, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय," म्हणायची. उपाय काय, तर मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स. टाकले की डोळे पांढरेशुभ्र! असे तीन आठवडे चालले. मी बाटली हातात घेऊन बघितली तर स्टिरॉइड. डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं, डोळ्याचा दाब वाढलाय. ड्रॉप्स बंद केल्यावर तो उतरला, पण असंच महिनोन्‌महिने चाललं असतं तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याची भीती होती. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, बायांनो. हे ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत असा कायदा आहे. पण आपणच काउंटरवर जाऊन "लाली जायचं काहीतरी द्या" म्हणतो, त्याचं काय?

ॲलर्जी सगळ्यांनाच होते, मग लेन्सवालीला जास्त त्रास का? कारण एरवी डोळ्यातलं पाणी धूळ, परागकण धुऊन नेतं. लेन्सवर मात्र ते चिकटून बसतात, तासन्‌तास डोळ्याला घासत राहतात. अश्रूंमधल्या प्रथिनांचा थरही लेन्सवर साचतो. मग वरच्या पापणीच्या आत बारीक पुरळ उठतं. आठ तास सुखानं राहणारी लेन्स दोन तासांत नकोशी होते, वर सरकते, चिकट स्राव येतो. अशा वेळी लेन्स काढायची, चष्मा लावायचा. पण चष्मा असतो कुठे? लेन्स आली की जुना चष्मा कपाटात जातो, नंबर वाढला तरी तो कुणी बदलत नाही. लेन्सवालीकडे चालू नंबरचा चष्मा हवाच, हे माझं ठाम मत.

चोळायचं तर अजिबात नाही. सतत चोळल्यानं बुबुळाचा आकार बिघडू शकतो. थंड पाण्यात भिजवलेल्या रुमालाची घडी मिटल्या डोळ्यांवर ठेवा, बरं वाटतं. गुलाबपाणी, मध वगैरे डोळ्यात नको. डॉक्टरांनी ॲलर्जीचे ड्रॉप्स दिले तर ते लेन्स काढून टाकायचे. पुन्हा लेन्स कधी घालायची, तेही त्यांनाच विचारायचं. ज्यांना दर वर्षी त्रास होतो त्यांनी रोज नवी वापरून टाकायच्या लेन्सबद्दल विचारावं. महाग पडतात खऱ्या, पण लग्नकार्यापुरत्या परवडतात.

आणि सोल्युशन! कालच्यातच थोडं नवं ओतायची काटकसर आपल्या हाडातच आहे. ती इथे नको. डबी दर तीन महिन्यांनी बदला, नळाच्या पाण्यानं धुऊ नका. घरचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी लेन्सला लावू नका, त्यातल्या जंतूंनी डोळा जायची वेळ येते.

दोन्ही डोळ्यांना खाज असेल तर बहुधा ॲलर्जी. पण एकच डोळा दुखतोय, उजेड सोसत नाही, धूसर दिसतंय, तर बुबुळाला जखम असू शकते. लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, तालुक्याला एसटीनं जावं लागलं तरी आणि संध्याकाळी पाहुणे यायचे असले तरी.