शेपटीला हात लावण्याआधी विचारा

अमेरिकेतल्या शाळांमध्ये म्हणे स्वतःला मांजर समजणाऱ्या मुलांसाठी वाळूचे ट्रे ठेवलेत! हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली चार-पाच हसऱ्या इमोजी आणि कुणा काकांचं ‘कलियुग’ असं एका शब्दाचं भाष्य. ही गोष्ट खोटी आहे. डिसेंबर २०२१मध्ये मिशिगन राज्यातल्या मिडलंड इथे शाळा मंडळाच्या बैठकीत एका पालकाने ती सांगितली. जानेवारीत तिथल्या शिक्षण अधीक्षकांनी असलं काहीही नसल्याचं जाहीर केलं. तरी ती थांबली नाही. २०२२च्या निवडणुकीच्या धामधुमीत एनबीसी न्यूजने हिशोब मांडला, तेव्हा ही थाप जाहीरपणे मारणारे किमान २० उमेदवार आणि लोकप्रतिनिधी निघाले. २०२५मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात तर शाळेत प्राण्यासारखं वागण्यावर बंदी घालणारं विधेयकही मांडलं गेलं.

या सगळ्या शोधाशोधीत मांजराची वाळू खरोखर सापडली ती कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीच्या शाळांत. शाळेत बंदूकधारी घुसला आणि मुलं तासन्‌तास वर्गात कोंडून पडली, तर त्यांची अडचण होऊ नये म्हणून आपत्कालीन सामानाच्या बादलीत ती ठेवली होती. कोलंबाइनची शाळा याच जिल्ह्यातली. वाळू आणली गोळीबाराच्या भीतीने, आणि जग हसलं फरींना.

मी नाशिकला राहते आणि चित्रं काढून पोट भरते. गेली काही वर्षं माझ्या कमाईतला मोठा वाटा या फरी लोकांकडून येतो. पिट्सबर्गचा एक लांडगा, जर्मनीतलं एक पाणमांजर, बंगळुरूचं एक लाजाळू मुंगूस अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. तेव्हा हा लेख तटस्थ नाही, हे आधीच सांगते. माझं म्हणणं साधं आहे. कुणाच्या अंगाला हात लावणं, कुणाचा फोटो काढणं आणि कलाकाराचे पैसे देणं, या तीन बाबतींत ज्यांना आपण विचित्र म्हणतो त्या लोकांनी काही नियम ठरवले आहेत. आपल्या ‘नॉर्मल’ समाजात ते अजून ठरायचेत. आणि या जगात शिरू पाहणाऱ्यांनी पोशाखाच्या आधी हे नियम शिकायला हवेत.

फरी म्हणजे कोण? माणसासारखे बोलणारे, चालणारे, कपडे घालणारे, रुसणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात ते फरी. कुणाला ही गोडी डिस्नेच्या १९७३च्या ‘रॉबिन हूड’मधल्या कोल्ह्यापासून लागली, कुणाला २०१६च्या ‘झूटोपिया’पासून. पुष्कळ जण स्वतःसाठी एक प्राणी-पात्र घडवतात, त्याला फर्सोना म्हणतात. आपण खरोखरचे कोल्हे आहोत असं त्यातल्या बहुतेकांना वाटत नाही. सोसायटीच्या नाटकात औरंगजेब झालेल्या काकांना तरी दिल्लीचं तख्त आपलं कुठे वाटतं? नखशिखान्त पोशाख, म्हणजे फरसूट, काही हजार डॉलरला पडतो आणि बहुसंख्य फरींकडे तो नसतोच.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानकथा संमेलनांच्या कडेकडेने हा गोतावळा जमत गेला. १९८९मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं, तेव्हा शंभर माणसंही नव्हती. २०२४मध्ये पिट्सबर्गच्या अँथ्रोकॉनला १७ हजारांहून जास्त लोक आले. आणि यामागे कुठलीही कंपनी नाही, हे महत्त्वाचं. मार्व्हलच्या चाहत्याला मार्व्हल लागतं, पुढचा सिनेमा कधी येतोय याची वाट बघावी लागते. फरींचा मालक कुणी नाही. पात्र ज्याने त्याने घडवायचं, त्याचं चित्र दुसऱ्या चाहत्याने काढायचं, पोशाख तिसऱ्याने शिवायचा. सगळा डोलारा एकमेकांच्या हातकामावर उभा आहे. इथे चित्रकाराला बुडवलं तर फटका सगळ्यांनाच बसतो. इथले बरेचसे शिष्टाचार या साध्या व्यवहारातून आलेत.

मला इन्स्टावर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ‘ताई, फरी व्हायचंय, सूट कुठे मिळेल?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: सूट सोड, वही घे. प्राणी निवड. लांडगा आणि कोल्हा ढिगाने आहेत, तरस किंवा खवल्या मांजर घेतलंस तर मला काढायलाही मजा येईल. रंग ठरव, अंगावरच्या खुणा ठरव, नाव ठरव. चित्र येत नसेल तर लिहून काढ. आवडलेलं दुसऱ्याचं पात्र उचलून रंग बदलून आपलं म्हणू नकोस. इथे ती सरळ चोरी समजली जाते, कारण त्या पात्रावर कुणीतरी काही वर्षं आणि बरेच पैसे घालवलेले असतात. तयार पात्र हवंच असेल तर चित्रकार ती विकायला काढतात, ती रीतसर विकत घेता येतात.

मग येतं कमिशन. इथे कमिशन म्हणजे दलाली नव्हे. पैसे देऊन आपल्या पात्राचं चित्र काढून घेणं. त्याची रीत अशी. चित्रकाराने अटी लिहून ठेवलेल्या असतात, त्या आधी वाचायच्या. काम घेणं चालू आहे का, ते बघायचं. आपलं बजेट पहिल्याच मेसेजमध्ये सांगायचं. पात्राची रेफरन्स शीट द्यायची, म्हणजे पुढून-मागून चित्र, नेमके रंग आणि खुणा. पैसे पूर्ण किंवा अर्धे आधी द्यायचे. बदल सुचवायचे ते कच्च्या स्केचच्या वेळी. रंग भरून झाल्यावर ‘पाय जरा वळवता येईल का’ म्हणायचं नाही. चित्र कुठेही टाकलं तरी चित्रकाराचं नाव द्यायचं, सही कापायची नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, यात काय विशेष? मग आमच्याकडची रीत ऐका. पुण्यातल्या एका कंपनीने माझ्याकडून सहा चित्रं करून घेतली आणि पैशांऐवजी ‘एक्स्पोजर’ मिळेल असं कळवलं. लग्नाची पत्रिका ‘घरचंच काम आहे’ म्हणून फुकट, दुकानाचा लोगो ‘तुला काय, दहा मिनिटांचं काम’ म्हणून फुकट. ज्या लांडग्याचा चेहराही मी कधी पाहिलेला नाही, तो मात्र काम सुरू व्हायच्या आधी पैसे पाठवतो आणि चित्र मिळाल्यावर धन्यवादाचा परिच्छेदभर मजकूर लिहितो. सगळेच असे नसतात, पैसे बुडवणारे तिथेही भेटतात. पण तिथे पैसे बुडवणाऱ्याची लाज बुडवणाऱ्याला असते. आपल्याकडे ती मागणाऱ्याला असते. फरींच्या चित्रांची मोठी साइट असलेल्या फर अफिनिटीने २०२२मध्येच एआयने बनवलेल्या चित्रांना बंदी घातली, तीही याच भूमिकेतून.

आता पोशाखाकडे येऊ. फरसूटच्या आतल्या माणसाला डोळ्यांच्या जाळीतून थोडंच दिसतं, नीट ऐकू येत नाही आणि उकाड्याने जीव जातो. म्हणून सोबत एक मदतनीस असतो. म्हणून मागून जाऊन मिठी मारायची नाही; समोर यायचं, हात पसरून खूण करायची, मान हलली तरच जवळ जायचं. शेपटी ओढायची नाही. मुखवटा उचलून ‘आत कोण आहे’ बघायचं नाही. संमेलनात पंखे आणि पाणी असलेली एक खोली राखलेली असते, तिथे मुखवटे काढून माणसं दम खातात. त्या खोलीत फोटो काढायला बंदी असते. आणि नवख्यांना हमखास सांगितला जाणारा एक नियम म्हणजे दिवसाला किमान ६ तास झोप, २ जेवणं आणि १ आंघोळ. हसू नका, तरुण पोरांचा जमाव तीन दिवस हॉटेलात राहणार असेल तर या नियमाचं मोल कळतं.

आता आपल्याकडचा फरसूट आठवा. मॉलच्या दारात, वाढदिवसाच्या हॉलबाहेर, भर मे महिन्यात टेडी होऊन उभा असलेला तो पोरगा. मुलं त्याला गुद्दे मारतात, शेपटी ओढतात, आणि आईबाबा ती मजा मोबाइलवर टिपतात. त्याला पाणी कोण देतं? तोंडावरचा मुखवटा काढून दहा मिनिटं बसायला त्याला खोली असते का? गोव्याच्या किनाऱ्यावर अनोळखी बाईला गराडा घालून सेल्फी मागणारी टोळकी आणि धुळवडीला ‘बुरा न मानो’ म्हणून हात साफ करून घेणारे महाभाग यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. विकृत कोण, हे ठरवताना ही माणसंही हिशोबात धरा.

‘पण यात सेक्सचा मामला असतो ना?’ हा प्रश्न येणारच, आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. हो, प्रौढांसाठीची चित्रं आणि कथा या जगात आहेत, जशा बाकी इंटरनेटवर आहेत. सगळं फरीपण तेवढंच आहे, हे मात्र खोटं. आणि प्रौढांचा मजकूर आहे म्हणूनच वयाचे नियम जास्त कडक हवेत. अठराच्या आतले असाल तर वय लपवून प्रौढांच्या ग्रुपमध्ये शिरू नका. खरं नाव, कॉलेज, पत्ता कुणाला देऊ नका. फर्सोनाचं नाव त्यासाठीच असतं. कुणी मोठा माणूस ‘आपलं बोलणं कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर स्क्रीनशॉट काढा, विश्वासातल्या माणसाला दाखवा आणि तिथून निघा. ग्रुप चांगला की वाईट, हे तिथली चित्रं किती गोंडस आहेत यावरून ठरवू नका. तक्रार केल्यावर अ‍ॅडमिन काय करतात, त्यावरून ठरवा. लिहिलेले नियम आपोआप पाळले जात नाहीत, तिथेही नाही. गैरवागणूक करणारे तिथेही निघाले आहेत आणि त्यांना पाठीशी घालणारेही. पण नियम लिहिलेला असला की बोट ठेवून दाखवता तरी येतो.

काही समजूतदार मंडळी फरींची बाजू घेताना म्हणतात, ‘आपल्याकडे नरसिंह आहे, पंचतंत्र आहे, जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आहे, मग यात नवल काय?’ हेतू चांगला आहे, पण मला हा वकील नको. बोहाड्यातला मुखवटा देवाचा असतो, त्यामागे गावाची श्रद्धा असते. बंगळुरूच्या माझ्या मुंगसामागे असलं काही नाही. त्याला मुंगूस आवडतं, एवढंच. निरुपद्रवी आवडीला परंपरेचा दाखला लागत असेल, तर ज्या आवडीला तो मिळणार नाही तिचं काय करायचं?

हसण्याने काय बिघडतं, असंही विचारलं जातं. डिसेंबर २०१४मध्ये शिकागोजवळ रोझमाँट इथे मिडवेस्ट फरफेस्ट चालू असताना हॉटेलच्या जिन्यात कुणीतरी क्लोरीनची पूड पसरली. विषारी वायू झाला, मध्यरात्री हजारो लोकांना थंडीत बाहेर काढावं लागलं, १९ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. हे मुद्दाम केलेलं कृत्य होतं, असं पोलिसांनीच सांगितलं. आणि एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीवर ही बातमी सांगताना निवेदिकेला हसू आवरेना, ती कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. माणसांवर वायू सोडला गेला, आणि बातमीतला विनोद होता त्यांच्या शेपट्यांचा.

तुम्हाला फरी व्हायचं नसेल तर होऊ नका, कुणाची सक्ती नाही. व्हायचं असेल तर आज रात्री वही उघडा आणि एक प्राणी काढा, वाकडातिकडा निघाला तरी चालेल. आणि दोन्ही नसेल तर एवढं करा: तो वाळूचा फॉरवर्ड पुन्हा आला की खाली ‘हे खोटं आहे’ असं लिहा, चित्रकार मैत्रिणीचे अडकलेले पैसे देऊन टाका, आणि मॉलच्या दारातल्या त्या टेडीला आधी पाणी हवंय का विचारा. सेल्फीचं नंतर बघू.