वासराला चीक, बाळाला लस : दोन्हींची वेळ का चुकवू नये?

गाय व्यायली की मलकापूर परिसरात शेजारीपाजारी खरवसाची वाट पाहतात. पण जाणता शेतकरी आधी वासराला चीक पाजतो, खरवस नंतर. कारण गाईच्या वारेतून प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, वासरापर्यंत पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि साधारण २४ तासांनंतर वासराचे आतडे ती रक्तात घेणे बंद करते. वासरासाठी आपण घड्याळ पाहतो. मग बाळाच्या डोसला ‘पुढच्या महिन्यात बघू’ का म्हणतो?

पोटात काय तयार होते?

रोगाशी लढणाऱ्या पेशींची तयारी गर्भातच सुरू होते. रक्तपेशी आधी गर्भाच्या पीतक पिशवीत, मग यकृतात आणि शेवटी हाडांमधल्या अस्थिमज्जेत बनतात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. तिथे त्यांची कडक परीक्षा होते. आपल्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी बाद होतात. उरतात त्या ‘टी-पेशी’. प्रतिपिंडे बनवणाऱ्या ‘बी-पेशी’ अस्थिमज्जेत घडतात.

म्हणजे जन्मताना फौज हजर असते, पण तिने शत्रू पाहिलेला नसतो. तोवर आईची शिदोरी कामी येते. माणसात आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात, त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त जपावे लागते. आईच्या चिकातली प्रतिपिंडे बाळाच्या आतड्यात पहारा देतात. ते पहिले पिवळसर दूध पिळून टाकायचे आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवायचे, ही पद्धत आता थांबलीच पाहिजे.

शिदोरी संपते तेव्हा

आईकडून आलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत संपत जातात. बाळाच्या पेशी शिकत असतात, पण सुरुवातीला त्यांचा प्रतिसाद कमजोर असतो. म्हणून पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तीनदा देतात. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईची प्रतिपिंडेच लसीतला विषाणू निकामी करू शकतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो.

ही वेळ किती नाजूक आहे, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला तेव्हा दिसले. ९ महिन्यांखालच्या बाळांनाही लागण होऊ लागली. जिथे अशा बाळांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या १० टक्क्यांहून जास्त होते, तिथे ६ महिन्यांपासूनच एक जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली. पुढचे नेहमीचे दोन डोस घ्यायचेच होते.

डोस कुठे निसटतो?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिन्याने लेक सासरी निघते आणि सहाव्या आठवड्याचा डोस नेमका त्याच धावपळीत येतो. माहेरच्या आशाताईंच्या यादीत नाव असते, सासरच्या यादीत नसते. दोष कुणा एकाचा नाही, पण डोस राहतो बाळाचा.

माझे म्हणणे साधे आहे. गाव बदलणाऱ्या बाळाचा निरोप एका आरोग्य केंद्राने दुसऱ्याला दिलाच पाहिजे. यू-विनवरची नोंद त्यासाठीच वापरावी. आणि घरच्यांनी बाळंतविड्याआधी लसीकरण कार्ड बॅगेत ठेवावे. या लसी कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तारीख टळली असेल तरी जा, राहिलेला डोस विचारा.