मधल्या खंडाचा अंधार

त्रिखंडात्मक कथनकृतीतील मधल्या खंडाला समीक्षेत सहसा दुय्यम स्थान मिळते. आरंभाचे नावीन्य त्याच्याकडे नसते आणि शेवटाची परिपूर्तीही नसते; त्यामुळे दोन टोके जोडणारा दुवा एवढेच त्याचे कार्य मानले जाते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतकथेचा दुसरा खंड ‘द टू टॉवर्स’ पुष्कळदा असाच वाचला जातो. हे वाचन अपुरे तर आहेच. शिवाय ते कृतीच्या नैतिक आशयावर अन्याय करणारे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. टोल्किन यांनी ही कथा सहा पर्वांची एक सलग कृती म्हणून रचली होती. तिचे तीन खंड झाले ते छपाईचा खर्च आणि कागदाची टंचाई यांमुळे. मग मधल्या खंडाला स्वतंत्र अर्थ कोठून येणार? याचे उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांच्या रचनेत आहे. ती रचना प्रकाशकाची नव्हे, लेखकाची आहे. तिसऱ्या पर्वात युद्ध आहे, सारुमानचा पराभव आहे; परंतु विनाशकारी मुद्रिका नष्ट करण्यासाठी निघालेला फ्रोडो त्यात कोठेही दिसत नाही. चौथ्या पर्वात फ्रोडो, सॅम आणि त्यांचा वाटाड्या गॉलम यांचीच वाटचाल आहे, आणि त्या विजयाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या खंडाचा अंधार प्रथमतः या तुटलेपणाचा आहे. मृतांचे चेहरे पाण्याखाली दिसणारी दलदल त्याला दृश्यरूप देते. या वर्णनामागे सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचा काही अंश आहे, हे १९१६ मध्ये त्या लढाईत असलेल्या टोल्किन यांनी पुढे एका पत्रात मान्य केले.

परंतु या खंडाचे खरे केंद्र गॉलम हे आहे. मुद्रिकेच्या लोभाने उद्ध्वस्त झालेल्या या जीवाला फ्रोडो ठार मारीत नाही. त्याच्यावर विश्वास टाकतो. या दयेचे फळ काय? निषिद्ध तळ्याकाठी त्याचे प्राण वाचवण्यासाठीच फ्रोडो त्याला फॅरामिरच्या सैनिकांच्या हाती देतो, आणि गॉलमच्या दृष्टीने तो विश्वासघात ठरतो. पुढे डोंगरातील पायऱ्यांवर, दोघे झोपलेले असताना, गॉलमच्या मनात क्षणभर पालट होतो; तो फ्रोडोच्या गुडघ्याला हळुवार स्पर्श करतो. तेवढ्यात जागा झालेला सॅम त्याला कठोरपणे हटकतो आणि तो क्षण कायमचा निसटतो. १९६३ मधील एका पत्रात टोल्किन यांनी हाच कदाचित कथेतील सर्वांत शोकात्म क्षण असल्याचे म्हटले आहे. येथे घात दुष्टाच्या सामर्थ्याने होत नाही. एका निष्ठावान सेवकाच्या प्रेमातूनच तो घडतो. त्यानंतर शेलॉबची गुहा येते, आणि शत्रूच्या कैदेत पडलेल्या फ्रोडोपाशी खंड संपतो.

तिसऱ्या खंडात मुद्रिका अखेर गॉलममुळेच नष्ट होते. त्यामुळे फ्रोडोची दया ‘सार्थकी लागली’ असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. पण परिणामावरून मोजलेली दया ही दया राहत नाही. ती दूरदृष्टीची गुंतवणूक ठरते. मधल्या खंडात अशी कोणतीही हमी नाही. तेथे दया अपयशी ठरलेली दिसते, आणि तरीही ती चुकीची होती असे कथा म्हणत नाही. नोव्हेंबर १९५४ मध्ये हा खंड वाचणाऱ्यांना तिसऱ्या खंडासाठी ऑक्टोबर १९५५ पर्यंत थांबावे लागले. सुमारे अकरा महिने त्यांच्यासमोर ही अनुत्तरित दयाच होती. २००२ च्या चित्रपटाने शेलॉबचा प्रसंग पुढील भागात ढकलला आणि विजयाचा प्रसंग शेवटाजवळ आणला. चित्रपटामार्फत या कृतीकडे येणाऱ्या वाचकाला तो अंधार त्यामुळे पुरता भेटत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी सद्गुणाला अखेरीस फळ मिळते अशी अपेक्षा रुजवली; पुढील वास्तववादी समीक्षेने त्याच कारणासाठी अद्भुताला पलायनवादी ठरवले. दोन्ही दृष्टींनी अद्भुतकथेचा अर्थ तिच्या शेवटातच शोधला. ‘द टू टॉवर्स’ या गृहीताला छेद देतो. फळाची खात्री नसताना केलेल्या कृतीचे मोल काय, हा प्रश्न अद्भुतकथाही गांभीर्याने विचारू शकते. मात्र त्यासाठी वाचकाने मधल्या खंडात काही काळ थांबण्याची तयारी ठेवली पाहिजे.