भर दुपारी एक सर्व्हर बंद करून दाखवा

सहकारी बँकांच्या निविदांमधली एक ओळ मी डोळे झाकून सांगू शकते: ‘प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस मॅनेजमेंट, सेशन रेकॉर्डिंगसह, नग १’. मूळ प्रस्तावात नग २ असतात आणि त्यांच्यापुढे, येणारं काम दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर असतो. मग खरेदी समिती बसते, एल-वनचा, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, हिशेब निघतो आणि कोणीतरी संचालक विचारतात, “एकावर भागतंय ना? मग दुसरा कशाला?” आयटी मॅनेजर गप्प बसतात. आम्हा व्हेंडर लोकांनी तिथे बोलून उपयोग नसतो, कारण आम्ही काहीही म्हटलं तरी ते बिल वाढवण्यासाठीच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून इथे लिहिते आहे.

ही यंत्रणा काय करते ते आधी थोडक्यात. बँकेच्या सर्व्हरवर, डेटाबेसवर, फायरवॉलवर काहीही करू शकणारी मोजकी खाती असतात. ॲडमिनिस्ट्रेटर, रूट, एसए अशी त्यांची नावं. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात अख्खी बँक. म्हणून त्यांचे पासवर्ड माणसांना सांगायचेच नाहीत, एका डिजिटल तिजोरीत कुलूपबंद ठेवायचे, असा शहाणपणाचा मार्ग निघाला. ॲडमिन स्वतःच्या नावाने लॉगिन करतो, मोबाइलवरचा ओटीपी देतो, कुठे जायचंय ते निवडतो. मधला सेशन सर्व्हर तिजोरीतून पासवर्ड घेतो, त्याच्या वतीने दार उघडतो आणि पडद्यावर जे जे घडेल त्याचं चित्रीकरण करत राहतो. सायबरआर्क घ्या, नाहीतर मुंबईच्या आर्कॉन किंवा सेक्टोना. ढोबळमानाने घडण हीच. हा बाजार केवढा आहे? पालो आल्टो नेटवर्क्सने जुलै २०२५ मध्ये सायबरआर्क विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला तो सुमारे २५ अब्ज डॉलरचा.

आपल्याकडे या विषयाची जाग आली ती धक्का बसल्यावर. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रुपये गेले आणि त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून निघाली. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर पाडून प्रत्येकाला वेगळी यादी लावली. याद्या आल्या की ऑडिटर येतात, ऑडिटर आले की खरेदी होते. ‘प्रणाली आहे का? होय.’ टिकमार्क.

आता या ‘नग १’चं काय होतं ते पाहा. सेशन सर्व्हर बंद पडतो. कधी अपडेटमुळे, कधी रेकॉर्डिंगने डिस्क भरल्यामुळे. बँकेचं काम थांबवता येत नाही. दिवसअखेरीची प्रक्रिया अडलेली, शाखांचे फोन सुरू, एटीएमची फाइल जायचीय. अशा वेळी सीलबंद पाकीट फोडतात, ज्यात आणीबाणीचा पासवर्ड असतो. ही सोय नियमानेच ठेवलेली असते आणि ती असायलाच हवी. पण पाकीट एकदा फुटलं की त्यातला कागद टेबलावर येतो, टेबलावरून त्याचा फोटो निघतो, फोटो चेन्नईत बसलेल्या सपोर्ट इंजिनीअरच्या व्हॉट्सॲपवर जातो. काम झाल्यावर पासवर्ड बदलायचा असतो. “उद्या सकाळी बघू” म्हणून तो राहतो. पुढच्या वेळी सर्व्हर नुसता हळू चालला तरी हात त्या फोटोकडे वळतो, कारण तो मार्ग झटपट आहे आणि तिथे चित्रीकरण होत नाही. यात कोणी बदमाश नाही. काम उरकायची घाई असलेली माणसं आहेत, एवढंच. पण लाखो रुपये घालून बसवलेली पहाऱ्याची व्यवस्था महिन्याभरात शोभेची होते आणि ऑडिटच्या कागदावर मात्र टिकमार्क तसाच असतो.

म्हणून माझं म्हणणं असं: पहाऱ्यातला मार्ग सतत उघडा असणं हाच सुरक्षेचा भाग आहे. दुसरा सर्व्हर आणि लोड बॅलन्सर यांना ‘परफॉर्मन्स’च्या रकान्यात टाकून कात्री लावणं म्हणजे कुलूप घ्यायचं आणि कडी वाचवायची.

आता दोन सर्व्हर घेणाऱ्यांकडे वळते, कारण तिथेही सगळं आलबेल नाही. लोड बॅलन्सर बसवणं म्हणजे दोन पत्त्यांपुढे एक सामाईक पत्ता ठेवला, झालं, असा समज आहे. वेबसाइटसाठी ते बऱ्याच अंशी चालतं. वेबसाइटची विनंती क्षणात संपते. ॲडमिनचं सेशन तासन्‌तास चालतं. पाळीपाळीने एकेकाला वाटत गेलं तर आलेली माणसं मोजली जातात, बसलेली मोजली जात नाहीत. म्हणून बहुतेक जण ‘ज्याच्यावर सर्वांत कमी जोडण्या त्याच्याकडे पाठव’ हा पर्याय निवडतात. योग्यच आहे. पण त्याच्या पोटात एक गंमत दडलेली आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका बँकेत (नाव राहू द्या) जोडीतला दुसरा सर्व्हर घाईत उभा केला होता. हे सर्व्हर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेवर चालतात आणि त्या सेवेला स्वतंत्र परवाना लागतो. परवाना जोडला नाही तरी मायक्रोसॉफ्ट १२० दिवस चालू देतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मुदत संपल्यावर तो सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवू लागला. मात्र त्याचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट उघडं होतं. लोड बॅलन्सर तेवढंच तपासत होता: पोर्ट उघडं म्हणजे सर्व्हर ठणठणीत. त्यात कोणीही आत टिकत नसल्यामुळे त्या सर्व्हरवर जोडण्या शून्य. सर्वांत कमी जोडण्या कोणाकडे? त्याच्याकडे. मग येणारा प्रत्येक ॲडमिन तिकडेच. वीजबिल भरणा केंद्रात ज्या खिडकीपुढे रांग नाही तिथे आपण लगबगीने जातो आणि आतला माणूस चहाला गेलेला असतो, त्यातला प्रकार. चांगला सर्व्हर शेजारी मोकळा बसून होता. फोन मात्र एकच: “तुमची सिस्टीम पूर्ण डाऊन आहे.”

उपाय अवघड नव्हता. तपासणी पोर्टची न ठेवता सेवेची ठेवायची. सायबरआर्कसारख्या यंत्रणेत त्यासाठी वेगळं पान मिळतं. सर्व्हर सेशन घ्यायला तयार नसेल तर ते पान तसं कळवतं. जिथे ती सोय नसेल तिथे डिस्कमधली जागा, परवाना आणि तिजोरीशी असलेली जोडणी पाहणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. एका दुपारचं काम. निविदेत ते कोणी लिहीत नाही, म्हणून कोणी करत नाही.

दुसरी अडचण चिकटपणाची. ॲडमिनची लाइन मध्येच तुटली आणि तो परत आला, तर त्याला आधीच्याच सर्व्हरकडे न्यायला हवं. नाहीतर अर्धवट सेशन एकीकडे लटकतं, फाइल अडकते आणि दुसरीकडे नवीनच सुरू होतं. त्यासाठी साधारणपणे माणूस कोणत्या आयपी पत्त्यावरून आला ते लक्षात ठेवतात. पण आपल्या बँकांमध्ये सगळे ॲडमिन एकाच व्हीपीएनमागून किंवा एकाच फायरवॉलमागून येतात, सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो आणि सगळे एकाच सर्व्हरला चिकटतात. नावावरून ओळखायला जावं, तर काही यंत्रणांत सेशन सर्व्हरवर सगळे एकाच सामाईक खात्याने उतरतात, म्हणजे पुन्हा तेच. त्यामुळे हा भाग प्रत्येक बँकेचं नेटवर्क बघूनच ठरवावा लागतो. मागच्या गिऱ्हाइकाची कॉन्फिगरेशन फाइल इथे उतरवून काढणारे इंजिनीअर मी ओळखते. तेही मला ओळखतात.

पत्त्याची आणखी एक बाजू थेट ऑडिटरच्या कामाची आहे. लोड बॅलन्सर मध्ये बसून येणाऱ्याचा पत्ता पुसून स्वतःचा पत्ता पुढे देत असेल, तर सेशन सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक ॲडमिन लोड बॅलन्सरवरूनच आलेला दिसतो. चोर आणि साव एकाच दारातून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत. नोंदी १८० दिवस जपल्या, पण त्यात एकच पत्ता हजार वेळा लिहिलेला असेल, तर तपास अधिकाऱ्याने काय वाचायचं? आणि जोडीतल्या दोन सर्व्हरच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक असेल, तर आधी कोण आत शिरलं ते सांगता येत नाही.

प्रमाणपत्राची गोष्ट छोटी, पण मला ती फार लागते. सामाईक पत्त्याचं नाव सर्व्हरच्या प्रमाणपत्रात घातलं नाही की दर लॉगिनला पिवळी सूचना येते: ‘या संगणकाची ओळख पटत नाही. पुढे जायचं?’ पहिल्या आठवड्यात माणूस विचारतो, नंतर न वाचता ‘येस’ दाबतो. बँकेतल्या सर्वांत ताकदवान लोकांना आपण रोज धोक्याची सूचना झिडकारण्याची तालीम देतो आहोत.

संचालकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लोड बॅलन्सर चालू सेशन वाचवत नाही. सर्व्हर पडला की त्यावरची माणसं बाहेर फेकली जातात. नव्याने येणाऱ्यांना दुसरीकडे वाट मिळते, एवढंच. न चढवलेलं रेकॉर्डिंग पडलेल्या सर्व्हरच्या डिस्कवरच राहू शकतं आणि ते काढण्याची पद्धत लिहून ठेवावी लागते. दोन्ही व्हर्च्युअल सर्व्हर एकाच यंत्रावर ठेवले, तर ती जोडी कागदावरचीच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले विंडोज संगणक कोलमडले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. ज्यांच्या जोडीतल्या सगळ्या सर्व्हरवर ते सॉफ्टवेअर होतं, त्यांना अशा दिवशी लोड बॅलन्सर काय देणार? सीलबंद पाकीट त्या दिवसासाठीच असतं, एरवीसाठी नाही.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. ज्या बँकेत तीन-चार ॲडमिन आहेत तिने महागडं उपकरण घेऊ नये. लोड बॅलन्सरचं काम करणारी, मोफत मिळणारी एचएप्रॉक्सी दोन साध्या लिनक्स मशीनवर बसवली की भागतं. दोन अशासाठी की एकच लोड बॅलन्सर ठेवला तर आपण पुन्हा ‘नग १’वर येतो. खरा खर्च सेशन सर्व्हरच्या दुसऱ्या परवान्याचा असतो, आणि तिथे व्हेंडरशी घासाघीस जरूर करावी.

पण निविदेत एक कलम घालावं. स्वीकृती चाचणी कामाच्या दिवशी दुपारी बाराला व्हावी, सगळे ॲडमिन आत असताना. कोणता सर्व्हर बंद करायचा ते बँकेच्या अधिकाऱ्याने त्याच क्षणी सांगावं. बाहेर पडलेला प्रत्येक जण दहा मिनिटांत पुन्हा आत यावा, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा खरा पत्ता दिसावा आणि पाकिटाला कोणी हात लावलेला नसावा. हीच चाचणी वर्षातून दोनदा, तारीख न सांगता, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीच्या कागदांत यावी. तोवर व्हेंडरच्या बिलातले शेवटचे वीस टक्के अडवून ठेवा. आमच्यातल्या काहींना हे कलम मुळीच आवडणार नाही, आणि ते कोण ते निविदेपूर्व बैठकीतच कळेल.