आधी किराण्याची यादी पाहा

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनानिमित्त ठिकठिकाणी शिबिरे होतील, छापील आहारतक्ते वाटले जातील आणि त्यांतले बरेचसे ईसीजीच्या कागदासोबत फायलीत पडून राहतील. याचे खापर रुग्णाच्या बेशिस्तीवर फोडणे सोपे आहे. पण ‘तेल कमी करा, मीठ कमी करा’ असे सांगताना कमी म्हणजे किती, हे आपण सांगतो का? शिवाय अनेक घरांत तक्ता एकाच्या हाती असतो आणि फोडणीची पळी दुसऱ्याच्या.

आमची सूचना साधी आहे. आहाराची माहिती घेताना घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत बोलवा आणि महिन्याचा किराणा विचारा. ‘काल काय खाल्लंत?’ याचे उत्तर पुष्कळदा आपल्याला बरे वाटावे असे दिले जाते. ‘ताई, पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो?’ याचे उत्तर मात्र सहसा खरे येते. चौघांत तो महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचे तेल सुमारे ३८ ग्रॅम झाले. तूप आणि बाहेरचे खाणे वेगळेच. बैठे काम करणाऱ्याला वरून घातलेले तेल-तूप मिळून साधारण २५ ग्रॅम पुरे. म्हणजे या घराला महिन्याकाठी सव्वातीन लिटरच्या आसपास भागवायला हवे. शेंगदाणा की करडई, रिफाइंड की लाकडी घाण्याचे, हा वाद त्यानंतरचा. घाण्याच्या तेलाच्या ग्रॅमलाही नऊच कॅलरी असतात.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. चौघांत किलोचा पुडा महिनाभरात संपला, तर माणशी ८ ग्रॅमहून अधिक झाले. लोणचे, फरसाण, पाव यांतले मीठ या हिशेबात धरलेलेच नाही, आणि पापडखारही सोडियमचाच क्षार आहे.

स्वयंपाकघरातून सुरुवात केल्याने काय साधते, हे फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांताने दाखवले. तिथे १९७२मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. मार्था या महिला संघटनेच्या मेळाव्यांत नेहमीचेच पदार्थ कमी लोणी आणि कमी मीठ घालून रांधून दाखवले गेले, खाद्यउद्योगाला सोबत घेतले गेले, तंबाखूविरोधातही काम झाले. सुमारे ३५ वर्षांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयधमनीविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात पुढच्या काळातल्या उपचारांचाही वाटा आहे, पण मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान उतरल्याचा.

आपणही ‘हे बंद’ म्हणताना ‘त्याऐवजी हे’ सांगायला हवे. तळलेल्या पापडाऐवजी भाजलेला, हे अर्धेच उत्तर. तेल वाचले, मीठ राहिले. त्याजागी काकडीची कोशिंबीर सुचवा. फरसाणाऐवजी मूठभर बिनमिठाचे भाजलेले दाणे किंवा फुटाणे, आणि रोजच्या ताटात वाटीभर उसळ.

एक सावधगिरी. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच एसीई इनहिबिटर किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना ते सरसकट सुचवू नका. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहा.

पुढच्या तपासणीला लिपिड प्रोफाइलबरोबर किराण्याचे बिलही आणायला सांगा. रक्तातला आकडा गोळीनेही उतरतो; घराचे खाणे बदलले की नाही, हे कळायला ते बिलच पाहावे लागेल.